चांदव्याची किनार

माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी आयुष्यात कुणाचंही ऐकलेलं नाही. मी हे वाढवून सांगते आहे असं वाटत असेल तर आमच्या घरातल्या कुणालाही विचारा, ते आणखी वाढवून सांगतील. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तर आत्यांनी डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं तेव्हा मीठ कमी केलं, पण ते आपल्या मनाने केलं, कुणाचं ऐकून केलं नाही, हे सांगायला त्या मुद्दाम जुन्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. लग्न होऊन मी सांगलीहून कलकत्त्याला आले तेव्हा सासूबाईंनी मला घरच्या चालीरीती समजावल्या, देवाचं काय, दुधाचं काय, आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "वन्संना कशालाही 'नको' म्हणू नकोस. त्या ते लगेच करतात."

आत्यांचा जन्म कलकत्त्यातला, नोकरी मुलींच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवण्याची आणि राहणं बागबाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. बागबाजार त्यांनी चिडूनच निवडलं असावं असा माझा संशय आहे. फार पूर्वी मराठ्यांच्या भीतीने या शहराने जो खंदक खणला त्याची सुरुवात तिथल्याच टोकाला होती. शेजारच्या बायका थट्टेने आत्यांना 'बर्गी' म्हणतात, म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार. दुसरी कुणी ओशाळली असती. आत्या म्हणतात, "तुमचा खंदक अर्धाच राहिला ना, म्हणून तर मी आत आले." बसमधून त्या उतरायला निघाल्या की इथल्या रिवाजाप्रमाणे कंडक्टर ड्रायव्हरला ओरडून सांगतो, "आस्ते, लेडीज." म्हणजे बाईमाणूस उतरतंय, जरा हळू घे. झालं. बस पुरती थांबायच्या आत आत्या टुणकन खाली उडी मारतात आणि वळून कंडक्टरकडे अशा नजरेने बघतात की पुढच्या थांब्यापर्यंत त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही. मासळीबाजारात त्यांच्यामागे उभं राहायला लोक कचरतात, कारण माशाचे कल्ले उघडून ताजा-शिळा बघता बघता त्या मासा श्वास कसा घेतो हे सगळ्या रांगेला शिकवायला लागतात. त्यांचं मराठी शुद्ध आहे, पण जन्मभर बंगालीत वावरल्याने आम्ही त्यांच्याकडे चहा पीत नाही, खातो. "बस, चहा खाऊन जा," त्या म्हणतात. मी एकदा भीत भीत म्हटलं, "आत्या, चहा पितात." त्या म्हणाल्या, "तू पी. मी खाते."

गच्चीवर त्यांनी लिंबू आणि कढीलिंब लावला आहे, पण तो आपल्यासाठी नाही. काळी फुलपाखरं त्या पानांवर अंडी घालतात आणि सुरवंट झाड फस्त करतात, त्यासाठी तो आहे. आत्यांच्या घरची कढी म्हणूनच बिनकढीलिंबाची असते. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, एकदा फोडणीसाठी नकळत चार पानं खुडून घेऊन आल्या आणि त्यातल्या एकावर एक सुरवंट निघाला. आत्यांनी गॅस बंद केला, पान सुरवंटासकट वर नेऊन झाडावर ठेवलं, खाली आल्या आणि म्हणाल्या, "त्याचं जेवण झालं की आपलं." आम्ही पाऊण तास थांबलो होतो असं वहिनी आजही शपथेवर सांगतात.

एवढ्या निर्भीड बाईची एकच गोष्ट मला कळत नसे. वैशाखात कलकत्त्याची हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला लपेटून बसते. पंख्याखाली बसलं तरी घामाच्या धारा लागतात. त्या दिवसांतही आत्यांच्या ब्लाउजची बाही मनगटापर्यंत असायची, आणि मनगटाशी दोन बटणं. मी सुरुवातीला विचारलं तर म्हणाल्या, "डास." मी ते खरं धरून चालले. आमच्या घरात बाकी सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

मग वहिनींच्या ईशाचं लग्न ठरलं. ईशा इथेच वाढलेली, इथेच नोकरीला. मुलगा, अमेय, तिच्याच ऑफिसात, घर नाशिकचं. लग्न डिसेंबरात कलकत्त्याला करायचं आणि संध्याकाळी एका क्लबात रिसेप्शन, असं ठरलं. पोरांनी आपसात असंही ठरवलं की रिसेप्शनला सगळ्यांनी फॉर्मल कपडे घालायचे. एका रविवारी आम्ही सगळे आत्यांकडे जेवायला जमलो होतो तेव्हा त्यांनी ईशाला विचारलं, "फॉर्मल म्हणजे काय गं?"

"मुलांनी सूट, मुलींनी गाऊन वगैरे, आत्याआजी. तू तुझी ती गरदची रेशमी साडी नेस, छान दिसतेस."

"मुलींनी गाऊन, तर मी साडी का?" आत्या म्हणाल्या. "मीही गाऊन घालीन."

वहिनींच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. आमच्या मराठी घरांत गाऊन म्हणजे बायका घरात दिवसभर अडकवतात तो फुलाफुलांचा झगा. "आत्या, गाऊन घालून रिसेप्शनला?" त्या म्हणाल्या. "व्याही काय म्हणतील?" ईशा हसून हसून लाल झाली. मोबाइलवर चार चित्रं दाखवून तिने आईला गाऊनमधला फरक समजावला, तेव्हा वहिनींना जरा धीर आला. तेवढ्यात आत्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला वर, मला कसा हवाय ते दाखवते."

गच्चीच्या कठड्यावर एक फुलपाखरू पंख पसरून ऊन खात बसलं होतं. काळंभोर. प्रत्येक पंखावर पांढरा गोल डाग, चंद्रासारखा. "हा चांदवा," आत्या म्हणाल्या. "आता इकडून बघा." आम्ही एक पाऊल सरकलो आणि त्या पांढऱ्या डागांभोवती एकदम निळी-जांभळी झाक उमटली. परत सरकलो तर गेली. "हा नर. इथे ठाण मांडतो आणि कुणी हद्दीत आलं की पिटाळून लावतो, चिमण्यांनासुद्धा. याची मादी निराळी असते. ती दुसऱ्याच एका कडवट फुलपाखरासारखी दिसते, म्हणजे पाखरं तिला खात नाहीत. दुसऱ्यासारखं दिसून जीव वाचवायचा. ते मी पुष्कळ केलं. आता मला याच्यासारखा शिवायचाय. काळा, साधा, बिनबाह्यांचा."

बिनबाह्यांचा म्हटल्यावर वहिनींचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी आत्यांकडे. आत्यांनी मनगटाची दोन बटणं काढली आणि बाही वर सारली. दंडापासून कोपराखालपर्यंत पांढरे डाग होते, मोठे, वेड्यावाकड्या कडांचे, सावळ्या कातडीवर ठळक. कोड. दुसऱ्या हातावरही तसंच आहे, त्या म्हणाल्या, आणि बाही पुन्हा खाली केली नाही.

जिना उतरताना मला मागे थांबवून त्यांनीच सगळं सांगितलं, मार्कांचा हिशेब सांगावा तशा कोरड्या आवाजात. त्या बाविशीच्या असताना गावाकडून एक स्थळ आलं होतं. मुलगा पसंत, पत्रिका जुळलेली, साखरपुड्याची बोलणी झालेली. चहाचा ट्रे देताना पदर सरकला आणि मुलाच्या आईने दंड बघितला. त्यांनी चहा घेतला नाही. आत्यांच्या आईने दुसऱ्याच दिवशी लांब बाह्यांची पोलकी शिवायला घेतली, आणि पुढे कितीही स्थळं आली तरी आत्यांनी कुणापुढे जाऊन बसायचं साफ नाकारलं. "आईला वाटायचं लपवलं की संपलं," त्या म्हणाल्या. "मी तिच्याशी भांडले नाही. जगात तेवढ्या एकाच माणसाचं ऐकलं, बघ." मग मी माझं पहिलं वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं.

वहिनी वाईट नाहीत. त्यांना मुलीची भीती होती. दुसऱ्या दिवशी त्या थेट गार्डन रीचला आमच्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "तू सांग आत्यांना. तुझं ऐकतात त्या." हे खरं नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. "अगं, नाशिकची माणसं, जुन्या वळणाची आजी आहे त्यांच्यात. उद्या म्हणतील घराण्यात कोड आहे. मुलीला होईल, मुलीच्या मुलांना होईल. लग्न मोडलं तर मी काय करू? आत्यांनी काळं घालावं, गाऊन घालावा, मुकुट घालावा हवं तर. फक्त हात झाकावेत. लेस घेताना तू बरोबर जा आणि चांगली रुंद, जाळीची, बाह्यांना पुरेल अशी घ्यायला लाव."

अशा तऱ्हेने मी आत्यांबरोबर बडाबाजारातल्या लेसच्या गल्लीत गेले. ती गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत फितींची रिळं रचलेली असतात, सोनेरी गोट, रुपेरी झालरी, मण्यांच्या माळा, गोंडे, टिकल्या, आणि मधून डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं खांद्याला खांदा घासत जातात. आत्यांनी पर्समधून शाळेतलं भिंग काढलं. पहिल्या दुकानात टिकल्यांची लेस दाखवली. आत्यांनी भिंगातून बघितली आणि म्हणाल्या, "फुलपाखराच्या पंखावर टिकल्या नसतात, खवले असतात, कौलांसारखे एकावर एक." दुकानदाराने ही त्रुटी मान्य केली आणि पिसांची झालर दाखवली. पिसं पक्ष्याला असतात, फुलपाखराला नाही, यावर त्याला छोटंसं व्याख्यान मिळालं. दुसऱ्या दुकानात मोरपंखी फीत होती, ती "बोंबलून सांगते मी निळी आहे म्हणून" या कारणाने बाद झाली. तिसऱ्याने आत्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून आपुलकीने सांगितलं, "माताजी, इस उमर में ग्रे अच्छा लगेगा." ते बिचारं नवीन होतं. आत्यांनी त्याला विचारलं, "और किस उमर में क्या अच्छा लगेगा, सब बताओ," आणि स्टुलावर बसून राहिल्या. तो साठीपर्यंत पोचला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

मी मधून मधून वहिनींचं काम करत होते. रुंद काळी जाळी दिसली की म्हणायचे, "आत्या, ही किती नाजूक आहे." त्या म्हणायच्या, "आहे," आणि पुढे जायच्या. चौथ्या की पाचव्या दुकानात मी आणखी एकदा म्हटलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुला तिने पाठवलंय ना?" मी मान डोलावली. "मग तिला सांग की तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. तुझ्यावर काही यायचं नाही, सगळ्यांना पटेल."

हवी ती फीत शेवटी गल्लीच्या टोकाच्या एका काळोख्या दुकानात मिळाली, खालच्या खणात, दुसऱ्या मालाखाली दबलेली. बोटभर रुंदीची, काळी, अगदी साधी. दुकानदार म्हणाला, ही कुणी घेत नाही, हिच्यात काही नाही. आत्या ती घेऊन दारात उजेडात गेल्या आणि हात फिरवला. फितीवरून एक निळी-जांभळी रेघ सरकली आणि विझली. परत फिरवला, परत सरकली. मग त्या गर्दीच्या गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, त्यांनी बाहीची बटणं काढली, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि फीत आपल्या दंडाला, पांढऱ्या डागाच्या कडेला लावून बघितली.

दुकानदाराने फितीचं टोक हातातून सोडून दिलं. मागून दोन बायका थांबल्या. त्यातली एक दुसरीला काहीतरी बोलली. दुकानदार हळूच म्हणाला, "दीदी, इससे ढकेगा नहीं. चौडावाला दूँ?"

"ढकना नहीं है," आत्या म्हणाल्या. "किनारा देना है." आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "शिंपी विचारत होता, काळ्या कापडावर पांढरे चांद कुठे कुठे लावू. मी म्हटलं, चांद लावू नका, चांद माझ्याकडे आहेत. मला फक्त ही निळी कड हवी होती, मुंढ्याला आणि गळ्याला. कशी दिसते?"

माझ्या तोंडून वहिनींचं एकही वाक्य निघालं नाही. मी म्हटलं, "सुंदर दिसते." आणि ती खरंच सुंदर दिसत होती.

पण वहिनी स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आत्या गाऊन अंगावर घालून बघायला निघाल्या आणि मीही त्यांच्याबरोबर न्यू मार्केटच्या मागच्या शिंप्याकडे गेले तेव्हा गाऊनला काळ्या जाळीच्या लांब बाह्या लागलेल्या होत्या. निळी फीत मनगटाशी, कुणाला दिसणार नाही अशी. शिंपी म्हणाला, घरून फोन आला होता, मला वाटलं तुम्हीच सांगितलंत. आत्यांनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. मेजावरची कात्री घेतली, दाराशी बसल्या आणि स्वतः एकेक टाका उसवून दोन्ही बाह्या काढल्या. जाळीची नीट घडी घातली. ती घडी घेऊन आम्ही तशाच वहिनींकडे गेलो.

"ही तुझी," आत्या म्हणाल्या आणि घडी टेबलावर ठेवली. वहिनी रडायला लागल्या. "तुम्हाला काय, तुम्ही घालाल आणि बागबाजारला निघून जाल. माझ्या मुलीचं काय? तुमच्या वेळी काय झालं ते तुम्हालाच माहीत आहे ना?"

आत्यांनी घडीची एक सुरकुती बोटाने सपाट केली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी त्यांना ऐन वेळी दिसलं म्हणून ते झालं. बरोबर? मग आताच दाखवू. तिच्या सासूला फोन लाव. चित्र दिसतं तो."

वहिनींनी लावला नाही. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. ईशाच्या सासूबाईंचा नंबर माझ्याकडे होता. मी लावला.

पलीकडे नाशिकच्या बाई स्वयंपाकघरात होत्या, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. आत्यांनी नमस्कार केला, मी ईशाच्या वडिलांची आत्या असं सांगितलं, आणि बाही वर करून दंड फोनसमोर धरला. "अहो, हे कोड आहे. दुसऱ्याला लागत नाही. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. पण पुढे कुणाला होणारच नाही असं मी म्हणणार नाही, कारण मी शास्त्र शिकवलंय आणि ते खोटं होईल. रिसेप्शनला मी हे उघडं ठेवून येणार आहे. तुम्हाला चालत नसेल तर आज सांगा. मांडवात कुजबुजू नका. आमची पोरगी फार चांगली आहे."

त्या बाईंनी वळून कुकरखालचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "मी ह्यांच्याशी बोलते," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वहिनींनी आत्यांशी बोलणं टाकलं, जेवण जवळजवळ टाकलं, आणि हॉलवाल्याचा फोन आला तरी दचकायला लागल्या. आत्या रोजच्यासारख्या गच्चीवर पाणी घालत होत्या, पण मी गेले तेव्हा एकाच कुंडीत ओतत राहिल्या होत्या, पाणी वाहून जिन्यापर्यंत आलं होतं. "मोडलं तर माझ्यामुळे मोडलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग बाह्या लावायच्या का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बसचा कंडक्टर आठवला. "नाही," त्या म्हणाल्या. "तरी नाही."

कोंडी फोडली ती ईशाने. ऑफिसातून येऊन ती आईसमोर बसली. "आई, ते काय उत्तर देतील याची सगळे वाट बघताय. मलाही एक उत्तर आहे. ते कुणी विचारलंच नाही. आत्याआजीच्या हाताचा ज्यांना विचार करावा लागतो त्यांच्या घरी मी जाणार नाही. अमेयला मी हे काल सांगितलं. तो म्हणाला, त्याने त्याच्या आईला आदल्याच दिवशी हेच सांगितलंय." वहिनी यावर काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. ईशा म्हणते, आई उठली आणि तिने भात लावला.

नाशिकचा फोन त्या आठवड्याच्या शेवटी आला. सगळं ठरल्याप्रमाणे होईल, बाई म्हणाल्या. आवाज गोड नव्हता, पण सरळ होता. "एवढंच की आमच्याकडची काही माणसं जुन्या वळणाची आहेत. तुमच्या आत्यांनी शाल घेतली तर..." फोन आत्यांच्या हातात होता. त्या म्हणाल्या, "जुन्या वळणाच्यांना पहिल्या रांगेत बसवा. म्हणजे त्यांना नीट दिसेल."

रिसेप्शनला आत्या आल्या तेव्हा मी दारातच होते. काळा गाऊन, टाचेपर्यंत, दागिना एकही नाही. मुंढ्याला आणि गळ्याला ती बोटभर फीत. दिव्यांखालून चालत येताना प्रत्येक पावलाला खांद्याशी निळं चमकायचं आणि विझायचं, आणि त्याच्या खाली दोन्ही दंड, पांढरे-सावळे, उघडे. पहिल्या रांगेतल्या नाशिकच्या आजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्ची थोडी वळवून घेतली. संध्याकाळभर ती तशीच वळलेली राहिली. ते मी सांगायलाच हवं, कारण सगळं गोड झालं असं नाही. आत्या जाऊन बसल्या तशी शेजारची एक बाई उठली, तर आत्यांनी त्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. पण ईशाच्या मैत्रिणींनी त्यांना गराडा घातला, फीत कुठली, कुणी शिवला, मला हात लावून बघू दे, आणि अमेयच्या आई स्वतः पानाचा विडा घेऊन आल्या. त्यांनी तो लांबून दिला नाही, आत्यांचा हात हातात धरून दिला.

मग घरच्यांचे फोटो काढायची वेळ आली. सगळे दोन रांगांत उभे राहिलो. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं, जरा अडखळला आणि म्हणाला, "मासीमा एकटा शाल निले भालो होतो." मावशींनी शाल घेतली तर बरं. कुणीतरी खरंच शाल पुढे केली. आत्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी वहिनी बोलल्या. त्या व्याह्यांच्या शेजारी, नव्या पैठणीत, घामाघूम उभ्या होत्या.

"शाल नको," वहिनी म्हणाल्या. "असाच काढा. आणि त्यांना मध्ये घ्या, कडेला काय उभं केलंय."

आत्यांनी मध्ये येऊन उभं राहताना वहिनींकडे वळून बघितलं. त्या फोटोत आत्या कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत.

त्यांना बागबाजारला सोडायला मी आणि माझा नवरा निघालो. डिसेंबरची हवा होती, कलकत्त्याच्या मानाने चांगलीच गार. आत्यांनी गाडीची काच खाली करायला लावली आणि उघडा हात खिडकीवर ठेवला. रस्ता नदीच्या बाजूने जात होता, पाण्यावरून वारा येत होता.

"थंडी वाजेल आत्या, वर करू का काच?" माझा नवरा म्हणाला.

"वाजतेय," त्या म्हणाल्या. "वाजू दे."

थोड्या वेळाने त्यांनी दंडावर दुसरा हात फिरवला, ओळखीच्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. "इथे वारा कसा लागतो ते विसरलेच होते गं," त्या म्हणाल्या. शोभाबाजार मागे पडल्यावर बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "फार उशीर झाला, नाही?"

मी घड्याळ बघितलं. "नाही हो आत्या, नऊच तर वाजलेत."

"हो," त्या म्हणाल्या. "नऊच वाजलेत." आणि हात खिडकीतून आणखी थोडा बाहेर काढला.